सगुणावहिनींचा पोस्टातला अभ्यास

बाईमाणसाने दिवसातून तीनदा चकरा माराव्यात असं आमच्या पोस्टात काहीही नव्हतं. मुळात पोस्टच नव्हतं म्हटलं तरी चालेल. पारनेरपासून सात मैलांवरच्या त्या गावात शाळेचा मास्तर तोच पोस्टमास्तर, आणि चौथीच्या वर्गातलं लोखंडी कपाट तेच पोस्ट. वरच्या दोन कप्प्यांत खडू, नकाशे आणि हजेरीपट. खालच्या कप्प्यात तिकिटं, शिक्के आणि डाकेची पिशवी. पारनेरहून रनर सायकलवर ती पिशवी घेऊन अकराच्या सुमाराला यायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि परत जायचा. दिवसातून एकदाच. हे सगुणावहिनींनाही माहीत होतं. तरी त्या सकाळी येऊन विचारायच्या, "आज येईल का?" अकराला विचारायच्या, "आलं का?" आणि संध्याकाळी शेतावरून परतताना पुन्हा दारात उभ्या. "पिशवीच्या कोपऱ्यात बिपऱ्यात ऱ्हायलं न्हाई ना, गुर्जी? एकदा झटकून बगा."

मी पिशवी झटकून दाखवायचो. तिच्यातून धूळ पडायची.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. बेलापूरकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. पारनेरच्या माळावर नेमणूक झाली तेव्हा या कोरड्या मुलखाला आपण ज्ञान पाजायला निघालोय अशा थाटात मी एस.टी.तून उतरलो होतो. छत्री, चपलांची पिशवी आणि नेमणुकीचा कागद गाडीतच राहिला, ही गोष्ट वेगळी.

त्याच थाटात मी पुण्याच्या एका संस्थेचं माहितीपत्रक मागवलं होतं. भारतीय महाकाव्यांचा अभ्यासक्रम, घरबसल्या, टपालाने. पाठ पोस्टाने येणार, उत्तरं पोस्टाने जाणार, शेवटी एक तोंडी परीक्षा आणि मग प्रमाणपत्र. नावापुढे काहीतरी लावता येईल एवढाच माझा हेतू. पण आत बारा उत्तरपत्रिका लिहायच्या आहेत असं वाचलं आणि ते पत्रक मी शाईच्या दौतीखाली सारलं. कपाट एका बाजूला कलतं होतं, दौत सरळ उभी राहायला लागली. अभ्यासक्रमाचा मला झालेला फायदा एवढाच.

सगुणावहिनी नवऱ्याला पाठवायला आंतर्देशीय पत्र घ्यायला आल्या आणि त्यांची नजर दौतीखाली गेली. उंच, काळ्यासावळ्या, तिशीच्या आतबाहेरच्या. चालायला लागल्या की बरोबरच्या बायकांना पळावं लागायचं. नवरा मिलिट्रीत ट्रकवर ड्रायव्हर. घरात सासू, सासरे, थोरले दीर आणि जाऊ. माहेर राहुरीकडचं, तिथे सातवी पास झालेल्या. लग्नानंतर वाचायला मिळालं ते नवऱ्याचं पत्र आणि गुळाच्या पुड्याचा कागद.

"हे घरी न्हेऊ का?"

"न्या की. पण तुम्हाला नाही समजायचं त्यातलं, वहिनी. उच्च शिक्षणाचं आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी त्या दारात. पत्रक वाचून झालं होतं. शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट.

"गुर्जी, एक इचारते. ह्यात लिवलंय, 'हा अभ्यासक्रम लवचिक असून विद्यार्थ्याने तो आपल्या सोयीने पुरा करावा.' आपल्या म्हंजी कुनाच्या?"

"विद्यार्थ्याच्या."

"मी नाव घातलं तर माज्या?"

"हो, तुमच्या."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा बोट ठेवून वाचली. "लगीन झाल्यापास्नं कुनी इचारलं न्हाई बगा, सगुना, तुजी सोय कवा हाय म्हनून. ह्या पुन्याच्या मानसानं न बगता लिवलंय."

घरी विचारलं तर सासरे म्हणाले, शीक, पण भाकरी टायमावर. नवऱ्याचं पत्र आलं, शीक, आणि मी सुटीवर आलो की सगळ्या गोष्टी मला सांग. फॉर्म भरायला त्या माझ्याकडे आल्या. 'संपूर्ण नाव' या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात 'सौ. सगुणाबाई' लिहिलं आणि कागद माझ्याकडे वळवला.

"हितनं फुडं तुमी लिवा."

आता या नावाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही. घेतलं तर त्या माणसाचं आयुष्य कमी होतं म्हणतात. घराघरातली रीत, तिने कुणाचं काही अडत नव्हतं. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की बाई शेजारणीला कोपराने ढोसायची, शेजारीण नाव सांगायची, साखर मिळायची. पण सगुणावहिनींच्या सासरी कुणा पूर्वजाने बारशी करता करता दोन्ही महाकाव्यं घरातच वाटून टाकली होती. नवरा म्हणजे अयोध्येचा थोरला राजपुत्र. आमच्याकडे दोन माणसं वाटेत भेटली की ज्याचं नाव दोनदा घेऊन नमस्कार करतात, तोच. सासरे म्हणजे पाच पांडवांतले गदावाले दुसरे. आणि थोरले दीर धनुष्यवाले तिसरे.

त्यामुळे वहिनींना पहिल्या महाकाव्याचं नावसुद्धा घेता येत नव्हतं. त्यात नवरा यायचा. त्या एकाला 'अयोध्येचं' म्हणायच्या आणि दुसऱ्याला 'हस्तिनापूरचं', जशी काही दोन सोयऱ्यांची गावं. ही नावं मीही इथे लिहिणार नाही. एकदा लिहून पोळलोय. कसा ते येईलच.

पहिलं पाकीट आलं तेव्हा त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि पाकीट उघडायच्या आधी पत्त्यावरचं स्वतःचं नाव बराच वेळ बघितलं. मनिऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या नावावर, पत्रं यायची तीही सासऱ्यांच्या नावावर, आत एरवी 'सगुणास आशीर्वाद' एवढी एक ओळ. त्यांच्या नावावर पोस्टाने आलेली ही पहिली वस्तू. कुणाला मूल दाखवतात तसं ते पाकीट त्यांनी चौथीच्या सगळ्या वर्गाला दाखवलं.

अभ्यासाची त्यांची जागा म्हणजे शेतातला माळा. पीक दाण्यात आलं की पाखरं हाकायला चार खांबांवर उंच माळा बांधतात, त्यावर त्या गोफण घेऊन बसायच्या. मांडीवर पाठ, पाठावर खडा. एक परिच्छेद वाचायचा, उभं राहून गोफण फिरवायची, बसून पुढचा परिच्छेद. थंडीत नवऱ्याचा जुना मिलिट्रीचा ओव्हरकोट लुगड्यावर चढवायच्या. दुसरं पाकीट मी मोठेपणाने स्वतः शेतावर द्यायला गेलो आणि बाजरीतून वाकून चाललो होतो तो एक गोटा माझ्या टोपीवरून सणसणत गेला.

"तुमी हाय व्हय," माळ्यावरून आवाज आला. "मला वाटलं डुक्कर."

पाठ वाचून झाला की त्या माझ्याकडे शंका घेऊन यायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हे झालं पाठातलं. आता घरातलं सांगा." म्हणजे असं, की पाठात लिहिलेलं असायचं, अयोध्येच्या थोरल्यांनी राज्याचा त्याग केला आणि वल्कलं नेसून ते वनाकडे निघाले. "हे झालं पाठातलं. आता घरातलं सांगा. त्या दिवशी त्या घरात चूल कुनी पेटवली? जिनं वर मागितला त्या धाकल्या सासूला जेवायला कुनी वाढलं का न्हाई?"

मी म्हणायचो, "वहिनी, हे सगळं प्रतीकात्मक आहे." हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि कुठे वापरता येईल याच्या शोधात होतो.

"ते असल. पर भाकरी?"

हस्तिनापूरच्या द्यूताबद्दल त्यांचं म्हणणं असं, की एक जण खेळत होता हे समजू शकतं, घरात एखादा असतोच. बाकीचे चौघे धडधाकट भाऊ सोंगट्यांकडे बघत कसे बसले? "एकानं उटून पट उलटा करायचा. एवडं तर आमची जाऊसुदिक करील."

माझ्या मार्गदर्शनाचं काय सांगू? दोन्ही महाकाव्यं मला पाठ आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी कीर्तनं ऐकली होती, तीही शेवटच्या प्रसादासाठी. पहिल्याच उत्तरपत्रिकेच्या वेळी दोन्ही वनवासांची वर्षं मी ठामपणे उलटी सांगितली. तेरा वर्षं अयोध्यावाल्यांना, चौदा हस्तिनापूरवाल्यांना. वहिनींनी विश्वासाने लिहिलं. पुण्याहून उत्तरपत्रिका परत आली तेव्हा तिथे लाल शाईची रेघ होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "पाची भावांना एक वर्स ज्यादा भोगायला लावलं तुमी. त्यांना काय कमी हुतं का, गुर्जी?"

पण खरी लाल शाई वेगळीच होती. तळाशी शेरा होता: 'विचार स्वतंत्र. परंतु व्यक्तींची नावे लिहिलेली नाहीत. त्यामुळे गुण देता येत नाहीत. दहापैकी चार.' दुसऱ्या पत्रिकेला दहापैकी तीन. वहिनींनी सगळीकडे 'अयोध्येचे थोरले', 'त्यांची मंडळी', 'पाचांतले दुसरे' असंच लिहिलं होतं. आणि नियमावलीत स्पष्ट होतं, की सलग तीन पत्रिकांत पाचाच्या खाली गुण पडले तर विद्यार्थ्याचं नाव कमी करण्यात येईल.

"वहिनी, नुसतं लिहायचंच आहे. तोंडाने कुठे उच्चारायचंय?" मी म्हटलं.

"हातानं लिवलं काय आन तोंडानं घेतलं काय. माजाच हात, माजंच तोंड."

"मग अभ्यासक्रम सुटेल."

तिसरी पत्रिका त्यांनी वीस दिवस लिहिली. पेन्सिलने एकदा, मग शाईने. शेवटी आणून दिली तेव्हा त्यांनी एक तोड काढली होती. जिथे जिथे नाव यायचं तिथे तिथे पट्टीने एक छोटी आडवी रेघ. "वाचनारा शाना हाय," त्या म्हणाल्या. "त्यो वळकील. तिकीट लावून धाडा."

पाकीट उघडंच होतं. शाळा सुटल्यावर मी एकटाच कपाटापुढे बसलो आणि मला वाईट वाटायला लागलं. मला वाईट वाटायला लागलं की मी काहीतरी करतो, ही माझी जुनी खोड. एवढी हुशार बाई, केवळ पाच-दहा रेघांपायी गळणार. मी टाक उचलला. मुलांच्या वह्या तपासून तपासून कुणाचंही अक्षर काढायची कला मला साधली होती. वहिनींचं किंचित डावीकडे कललेलं, गोल अक्षर मी असं हुबेहूब काढलं की मलाच माझं कौतुक वाटलं. पत्रिका अयोध्येवरचीच होती. अकरा रेघा, अकरा वेळा एकच नाव. शाई वाळवली, तिकीट लावलं, शिक्का मारला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लढाई सुरू झाली. वहिनींचे यजमान पूर्वेकडे होते, एवढंच घरात माहीत. लढाई पंधरवड्यात संपली, गावात पेढे वाटले गेले, पण त्यांचं पत्र आलं नाही. शेजारच्या गावातल्या दोघांची आली, यांचं नाही. वहिनी आता पोस्टात एकदाच यायच्या, अकराला. काही विचारायच्या नाहीत. मी पिशवी उघडून मान हलवली की परत जायच्या.

अशाच एका अकराला पुण्याचं पाकीट आलं. मी आनंदाने ओरडलोच. दहापैकी नऊ. शेरा: 'नावे लिहिल्याबद्दल अभिनंदन.' वहिनींनी पत्रिका हातात घेतली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. वाचताना त्यांचं बोट प्रत्येक नावापाशी थांबत होतं.

"किती येळा लिवलं, गुर्जी?"

"काय?"

"त्यांचं नाव."

"असेल दोन-तीनदा."

"अकरा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या फॉर्मवरसुद्धा मीच लिहिलं होतं की."

"फारमावर तुमच्या अक्षरात लिवलं, ते तुमचं. हे माज्या अक्षरात हाय. म्हंजी मी घेतलं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पत्रिका नीट घडी करून कपाटावर ठेवली, माझ्याकडे, आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी अकराला त्या आल्या नाहीत. चौथं पाकीट आलं, तेही न्यायला आल्या नाहीत.

मी मुलांना विज्ञान शिकवत होतो. ग्रहण कसं लागतं ते चेंडू आणि कंदील घेऊन दाखवत होतो. तरी पिशवी मी आधी बाहेरून चाचपून बघायचो, मगच उघडायचो. आयुष्यात पोस्टाचं काम इतकं मन लावून मी दुसऱ्यांदा कधी केलं नाही. रनर यायच्या आधीच मी वेशीपर्यंत जाऊन उभा राहायचो. तो म्हणायचा, "मास्तर, लग्नाचं पत्र येनार हाय का काय तुमचं?" गावातल्या बायका पाणवठ्यावर बोलायच्या, की सगुणा काही अन्न खात नाही. ते ऐकायला नको म्हणून मी लांबच्या आडावरून पाणी आणायला लागलो.

संक्रांतीच्या आसपास ते पत्र आलं. फौजी शिक्का, अक्षर त्यांच्या यजमानांचं, ओळखीचं. पत्र सासऱ्यांच्या नावावर होतं आणि सासरे बाजाराला गेले होते. मी शाळा सोडून दिली, सगळ्या मुलांना सांगितलं की आज अर्धी सुटी आहे, आणि शेताकडे पळत सुटलो. ज्वारी त्या वर्षी कशीबशी गुडघ्याच्या वर आली होती. माळ्यावर वहिनी ओव्हरकोट घालून बसल्या होत्या. पुढ्यात पाठ नव्हता, नुसती गोफण.

"आलंय," मी खालूनच ओरडलो.

त्या उतरल्या. पत्र माझ्यापुढेच फोडलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस न होऊन ओव्हरकोटाच्या बटणाकडे बघत होतो.

"ट्रक उलटला," त्या वाचता वाचता म्हणाल्या. "पाय मोडलाय. दवाखान्यात हाईत. जेवन चांगलं हाय म्हनत्यात." मग माळ्याच्या खांबाला टेकून खाली बसल्या. "अकरा येळा लिवलं तुमी, गुर्जी. एका पायावर भागलं. आनखी एक पान असतं तर दुसराबी गेला असता."

असं म्हणून त्या हसल्या. मग बराच वेळ त्या आणि मी तिथेच बसलो होतो, आणि त्या साली उरलेली थोडीफार ज्वारी पाखरांनी सावकाश खाल्ली.

उठताना त्या म्हणाल्या, "चौथं पाकीट आलं असल ना? द्या उद्या. पर आदी त्या नऊ मार्कातलं काय माजं न्हाई त्याचा निकाल लावते." आणि त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. ते माझ्याच हाती देऊन माझ्याच हाताने शिक्का मारून घेतला. त्यात लिहिलं होतं: 'तिसऱ्या पत्रिकेतली नावे आमच्या गावच्या मास्तरांनी माझ्या अक्षरात लिहिली आहेत. ती मी लिहिली नाहीत व लिहिणार नाही. तरी त्या नावांचे जे गुण होतील ते कापावे. मास्तर मनाने चांगले आहेत, त्यांना काही करू नये.'

उत्तर एका ओळीत आलं, लाल शाईत: 'सर्व पत्रिका पाठवाव्यात. गुण राखून ठेवत आहे. तोंडी परीक्षेच्या वेळी ठरवू.'

तोंडी परीक्षा नगरला होती, एका शाळेत, रविवारी. पावसाळ्याचे दिवस, पण पाऊस नव्हता, एस.टी.च्या खिडकीतून आत धूळ येत होती. वहिनींनी उरलेल्या सगळ्या पत्रिका रेघा मारूनच धाडल्या होत्या. आता तिथे नावं घेतली नाहीत तर बारा पाठांचा सगळा अभ्यास पाण्यात जाणार, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी सोबत म्हणून निघालो होतो. वहिनींच्या दुसऱ्या बाजूला नऊवारी सावरत त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या कशाला, हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, बाजार करायचा असेल.

वर्गात एकच परीक्षक होते. काळी टोपी, कोट, आणि खिशापाशी लाल शाईचा मोठा डाग. वहिनींनी तो डाग बघितला आणि मला हळूच म्हणाल्या, "हेच ते." आधीचे विद्यार्थी म्हणजे पेन्शनीत निघालेले कारकून आणि कॉलेजातली दोन मुलं. मग वहिनींचं नाव पुकारलं. दोघी आत गेल्या. मी दारात उभा.

"परीक्षा तुमची आहे ना, बाई? मग या कोण?"

"आत्याबाई. सासूबाई माज्या. नावं घ्यायला आनल्यात."

"असं चालत नाही."

"नियम नऊ हाय, सर," वहिनी म्हणाल्या. पत्रक त्यांच्या पिशवीत होतं. ते त्यांनी काढलंही नाही. "ज्या विद्यार्थ्यास लिहिता येत नाही त्यास लेखनिक घेण्याची मुभा आहे. मला सगळं येतं. तीन नावं तेवडी घेता येत न्हाईत. तेवड्यापुरत्या ह्या."

परीक्षकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "नियम मीच लिहिला आहे," ते म्हणाले. "असा वाचता येतो हे माहीत नव्हतं. बसा."

मग सुरू झालं. मिथिलेच्या स्वयंवराचा प्रसंग सांगा, म्हणाले. वहिनींनी सांगितला, मंडपाच्या झालरीपासून. धनुष्य मोडायची वेळ आली की त्या थांबल्या आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी नाव घेतलं. स्वतःच्या पोराचंच नाव, त्यांना काय अडचण. अशा मायेने घेतलं, की जणू मुलगा बाहेर खेळतोय आणि त्या त्याला जेवायला बोलावतायत. मत्स्यभेदाच्या प्रसंगाला त्यांनी थोरल्या पोराचं नाव घेतलं, जरा जरबेने. थोरला कामचुकार होता. परीक्षक एकेका नावाला मान हलवत होते.

पुढे ते म्हणाले, "लाक्षागृहाला आग लागली तेव्हा आईला आणि भावांना उचलून भुयारातून बाहेर कोणी काढलं?"

वहिनींनी सगळं सांगितलं. कुणाला पाठीवर, कुणाला काखेत, कुणाला हाताला धरून. नाव आलं आणि त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी खाली बघितलं. सुनेचा सासरा म्हणजे सासूचा नवरा, हा साधा हिशोब दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

मग सासूबाई दाराकडे वळल्या. "गुर्जी, सांगा की. तुमाला चालतंय."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. अकरा वेळा चोरून नाव लिहिणाऱ्या माणसाला एकदा उजळ माथ्याने एक नाव घ्यायची परवानगी मिळत होती. मी पुढे झालो, खाकरलो, आणि खणखणीत आवाजात थोरल्या दिराचं नाव घेतलं.

परीक्षकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर आहे. मदतनिसाचं चूक आहे. आता गुण कुणाचे कापू?"

"त्यांचेच कापा, सर," वहिनी म्हणाल्या. "त्यांना सवय हाय."

परीक्षक हसले. मग हसू आवरून त्यांनी लाल पेन उचललं आणि विचारलं, "शेवटचा प्रश्न. याला गुण नाहीत. एवढं वाचलंत, एवढा विचार करता. नाव घेतल्याने माणसाचं आयुष्य कमी होतं, असं खरंच वाटतं तुम्हाला?"

वहिनींनी पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला, सोडला.

"मला म्हाईत न्हाई, सर. हुतंय म्हनावं तर पटत न्हाई. न्हाई म्हनावं तर, मालक तिकडं लढाईत हुते. ते खरं का खोटं, ते मी हितं बसून धा मार्कासाटी त्यांच्यावर तपासून बगायचं का?"

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. राखून ठेवलेल्या गुणांचं काय करणार ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. "या तुम्ही," एवढंच म्हणाले, आणि सासूबाई दारातून बाहेर पडेपर्यंत उभे राहिले.

पुढचे महिने वाईट गेले. विहिरी तळाला गेल्या, पाखरं हाकायला शेतात काही उरलं नाही. सरकारने खडीची कामं काढली आणि ज्या घरांतल्या बायका कधी दुसऱ्याच्या बांधावर गेल्या नव्हत्या त्याही हातोडी घेऊन माळावर बसल्या. वहिनी त्यांत होत्या. यजमान सुटीवर येऊन, काठी टेकत पुन्हा नोकरीवर गेले होते. माझ्या हातात राहुरी तालुक्यात बदली झाल्याचा कागद पडला. आणि शेवटल्या दिवशी, रनरच्या पिशवीतून, पुण्याचं रजिस्टर पाकीट निघालं.

नापास झालं की कार्ड येतं, पास झालं की जाड पाकीट, हे मी चौकशी करून ठेवलं होतं. हे जाड होतं. उन्हात धरून बघितलं तर आत गोल शिक्क्याची सावलीही दिसली. मी शाळेला कुलूप लावलं आणि पावतीचं पुस्तक घेऊन माळावर गेलो.

चाळीसएक बायका ओळीने बसल्या होत्या. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तोंडावर पदर. मधोमध वहिनी. हातोडी चालू, तोंड चालू. त्या हस्तिनापूरचं सांगत होत्या. बारा वर्षं रानात काढल्यावर एक वर्ष ओळख लपवून राहायचं, ते.

"...आन त्या वर्सात कुनी कुनाला खऱ्या नावानं हाक मारायची न्हाई. वळख पटली की पुन्यांदा बारा वर्सं रान."

"मग हाका कशा मारायच्या ग एकमेकांना?" एकीने विचारलं.

"कशा म्हंजी? आपुन मारतो तशा."

बायका हसल्या. मी पुढे होऊन पाकीट दाखवलं. "वहिनी, रजिस्टर आहे. सही लागेल."

"दम धरा जरा, गुर्जी. रानी आत्ताच परक्या राजाच्या वाड्याफुडं उबी ऱ्हायलीय. अंगावर मळकं लुगडं, केस मोकळे. काम मागायचंय, आन मागायचं कसं ते तिला येत न्हाई."

मी एका दगडावर बसलो. मला सांगायची नुसती घाई झाली होती, आणि चाळीस बायकांत माझ्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. बोलता बोलताच त्यांनी हात झटकून पुस्तकावर सही केली, पाकीट घेतलं, वाऱ्याने उडू नये म्हणून एका मोठ्या खड्याखाली दाबून ठेवलं.

"उघडा तरी," मी म्हटलं. "मी उद्या चाललो."

"उगडते की. तिला काम मिळू दे आदी."

मी निघालो. टेकाडावर चढून मागे बघितलं. खडी फोडायचा आवाज थांबला होता. मुकादम हजेरीचं पुस्तक काखेत मारून बायकांच्या मागे उभा होता, आणि त्यानेही कुणाला हातोडी उचलायला सांगितलं नव्हतं.